वाचकांचे प्रश्न: यानात बिघाड झाला, तर सुटकेची वाट कुठे?

गगनयान आणि मानवी अंतराळप्रवासाबद्दल मराठवाड्यातून आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: हे सुरक्षित आहे का? या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. म्हणून उत्तरं देताना आम्ही तो जरा वेगळ्या तऱ्हेने धरला आहे. उड्डाणाच्या या मिनिटाला काही बिघडलं, तर आतल्या माणसाला सुटायला वाट आहे का? यंत्र आज ना उद्या बिघडणार, हे धरूनच यान बांधावं लागतं.

परभणीहून एक विज्ञान शिक्षिका विचारतात: चॅलेंजर यान थंडीमुळे नष्ट झालं, असं पुस्तकात एका ओळीत दिलंय. मुलं विचारतात, थंडीने रॉकेट कसं फुटेल? वर्गात दाखवता येईल असं काही आहे का?

आहे, आणि ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही, वाफ कडेने निघून जाते. चॅलेंजरच्या बाबतीत अशाच एका रबरी रिंगने दगा दिला.

चॅलेंजर हे नासाचं स्पेस शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचं यान. शटलच्या दोन्ही बाजूंना उड्डाणाला जोर देणारी घन इंधनाची रॉकेटं, म्हणजे बूस्टर होते. ते एका नळीत न बनवता तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असत. प्रत्येक सांध्यात एकामागे एक अशा दोन रबरी रिंगा. रिंगेची जाडी सुमारे ७ मिलिमीटर, पण घेर जवळजवळ पावणेचार मीटर व्यासाचा. बूस्टर पेटला की आतल्या दाबाने नळी किंचित फुगते, सांधा केसभर उघडतो. तेवढ्या क्षणात दबलेल्या रिंगेने उसळून ती फट बुजवायची असते. रबर गार असेल तर ते उसळतं, पण उशिरा.

२८ जानेवारी १९८६ च्या सकाळी केप कॅनाव्हरलला तापमान सुमारे २ अंश होतं. परभणीकरांना डिसेंबरातले पाच-सहा अंश नवीन नाहीत, पण फ्लोरिडात ही थंडी विरळाच. त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण सुमारे १२ अंशांवर झालं होतं आणि त्यातही रिंगांजवळ काजळी सापडली होती. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं की १२ अंशांखाली उड्डाण करू नका. त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. उड्डाणाच्या पहिल्याच क्षणी उजव्या बूस्टरच्या सांध्यातून काळ्या धुराचे झोत निघाले, साधारण ५८ व्या सेकंदाला ज्वाळा दिसली आणि ७३ व्या सेकंदाला यान विस्कटलं. सातही जण गेले.

प्रयोग असा करा. बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानातून एक व्हिटॉनची आणि एक सिलिकॉनची, एकाच जाडीची ओ-रिंग आणा. दोन्ही छोट्या सी-क्लॅम्पमध्ये आवळा. बर्फात मूठभर मीठ घालून त्या मिश्रणात दहा मिनिटं बुडवा. बाहेर काढून एकदम क्लॅम्प सोडा आणि कुठली रिंग किती वेळात पूर्ववत होते ते मुलांना मोजू द्या. मग तोच प्रयोग खोलीच्या तापमानाला करा. शटलच्या रिंगा व्हिटॉन जातीच्याच रबराच्या होत्या. सिलिकॉन थंडीत लवचीक राहतं, त्यामुळे फरक लगेच नजरेत भरतो. चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी भर सुनावणीत बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात हेच करून दाखवलं होतं.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. यान विस्कटलं तेव्हा माणसांची केबिन एकसंध बाहेर पडली होती. पण तिला ओढून दूर नेणारं रॉकेट शटलवर नव्हतंच, आणि घन इंधनाचा बूस्टर एकदा पेटला की बंद करता येत नाही. बूस्टर जळतात त्या पहिल्या दोन मिनिटांत सुटकेची वाटच ठेवलेली नव्हती. रिंगेचा दोष मोठा खराच, पण आमच्या मते ही चूक त्याहून मोठी होती.

नांदेडहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी विचारतो: गगनयानाच्या टोकावर सुळक्यासारखं काय असतं? ऑक्टोबर २०२३ मधली चाचणी पाच सेकंद आधी थांबली होती. ती फसली होती का?

वरच्या उत्तरात जी वाट नव्हती, तीच हा सुळका. त्याला क्रू एस्केप सिस्टिम म्हणतात. घन इंधनाच्या वेगाने जळणाऱ्या मोटारी त्यात असतात. खालचं रॉकेट बिघडलं की त्या पेटतात आणि माणसांची कुपी उचलून बाजूला नेतात. इथे घन इंधन मुद्दाम वापरलेलं असतं. त्याला पंप नाही, झडप नाही, ते एका ठिणगीवर क्षणात पूर्ण जोर देतं. बूस्टरमध्ये जो दोष ठरतो, तोच सुटकेच्या मोटारीत गुण ठरतो.

इस्रोने हे दोन टोकांना तपासलं. ५ जुलै २०१८ ला श्रीहरिकोट्याला जमिनीवरूनच सुटका करून पाहिली. रॉकेट तळावर उभं असतानाच आग लागली, असं धरून. कुपी पावणेतीन किलोमीटर उंच गेली आणि पॅराशूटने समुद्रात उतरली. सगळा खेळ २५९ सेकंदांचा. मग २१ ऑक्टोबर २०२३ ला टीव्ही-डी१ ही चाचणी झाली. तिच्यात रॉकेट आवाजाच्या वेगापुढे गेल्यावर, सुमारे १२ किलोमीटरवर, सुटका करायची होती. ही वेळ अवघड असते, कारण हवेचा मारा जोरात असतो आणि मोटारींना त्या माऱ्यातून कुपी ओढून काढायची असते.

उलटगणती पाच सेकंदांवर थांबली, कारण इंजिन पेटण्याच्या क्रमात संगणकाला ठरल्यापेक्षा वेगळं काही दिसलं. त्याने स्वतःच सगळं थांबवलं. कारण शोधून, दुरुस्त करून त्याच दिवशी सकाळी १० वाजता उड्डाण झालं, सुटका झाली, कुपी बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने ती बाहेर काढली. शंका आली की थांबायचं, हे काम संगणकाने चोख केलं. ही चाचणी मुळीच फसलेली नाही.

हा सुळका खरोखर उपयोगी पडतो का? २६ सप्टेंबर १९८३ ला बैकोनूर इथे सोव्हिएत संघाच्या सोयूझ रॉकेटला तळावरच आग लागली. आतल्या व्लादिमीर तितोव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि संदेशाच्या तारा जळून गेल्या होत्या. शेवटी दोन नियंत्रकांनी वेगवेगळ्या खोल्यांतून रेडिओने आज्ञा दिली. सुळक्याने कुपी उचलली आणि दोनच सेकंदांत खालचं रॉकेट उडालं. दोघांना काही सेकंद आपल्या वजनाच्या चौदा ते सतरा पट दाब सोसावा लागला. दोघेही जगले.

दुसरं उदाहरणही सोयूझचंच, ११ ऑक्टोबर २०१८ चं. बाजूचा एक बूस्टर सुटताना मुख्य भागावर आदळला, कारण विलग झाल्याची खबर देणारा एक छोटा सेन्सर जोडणीच्या वेळीच वाकला होता. गंमत नाही, गांभीर्याने पाहण्यासारखी बाब अशी की सुळका त्याआधी काही सेकंदच टाकून दिला होता. तरी वाट होती. कुपीवरच्या आवरणात दुसऱ्या मोटारी ठेवलेल्या होत्या, त्यांनी काम केलं. अलेक्सी ओवचिनिन आणि निक हेग सुखरूप उतरले, आणि मार्च २०१९ मध्ये ते दोघे पुन्हा अंतराळात गेले.

जालन्याहून एक भट्टी कामगार विचारतात: आमच्याकडे १६०० अंशाला लोखंड पाण्यासारखं वाहतं. यान परत येताना तेवढंच तापतं म्हणतात. मग ते वितळत कसं नाही?

तुमच्या लॅडलला, म्हणजे वितळलेलं लोखंड धरणाऱ्या बादलीला, आतून अस्तर असतं, तसं यानाला बाहेरून असतं. फरक एवढाच की यानाचं अस्तर हळूहळू जळून जावं, असंच बनवलेलं असतं. वरचा थर कोळसा होतो, त्यातून निघणारा वायू तप्त हवेला बाहेर रेटतो आणि उष्णता सोबत घेऊन जातो. इस्रोने डिसेंबर २०१४ मध्ये एलव्हीएम-३ रॉकेटच्या पहिल्या चाचणीत रिकामी कुपी वातावरणातून खाली आणली, तेव्हा तिच्या तळाला कार्बन-फिनॉलिकच्या लाद्या होत्या.

दुसरी युक्ती आकारात आहे. कुपीचा तळ टोकदार नसून पसरट, कढईच्या पाठीसारखा असतो. त्यामुळे समोरची हवा दबून तिचा तप्त पडदा तळापासून थोडा दूर उभा राहतो आणि बरीचशी उष्णता बाजूने वाहून जाते.

अस्तर किती जळेल याचा हिशेब चुकू शकतो. २०२२ च्या अखेरीस नासाचं ओरायन यान माणसाविना चंद्राभोवती फिरून आलं, तेव्हा तळाच्या अस्तराचे तुकडे शंभरावर ठिकाणी निखळलेले सापडले. आत तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला पुरेशी भोकं नव्हती, दाब साचला आणि कोळशाचा थर तडकला. ओलसर अस्तराची लॅडल घाईने तापवली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

उदगीरहून एक निवृत्त गृहस्थ विचारतात: कल्पना चावला यांना वाचवता आलं असतं का? तेव्हापासून मनात आहे.

हा प्रश्न चौकशी समितीनेही स्वतःला विचारला होता. १६ जानेवारी २००३ ला त्यांचं शटल कोलंबिया निघालं. ८२ व्या सेकंदाला इंधनाच्या मोठ्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास. फोम हलका म्हणून कोणाला भीती वाटली नाही, पण सुटलेला तुकडा हवेने लगेच मंदावला आणि यान त्याच्यावर तासाला ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊन धडकलं. नंतर जमिनीवर असाच तुकडा पंखाच्या तशाच भागावर डागून पाहिला, तेव्हा हाताची वीत मावेल त्याहून मोठं भोक पडलं. १ फेब्रुवारीला परतताना त्या भोकातून तप्त हवा आत शिरली.

आघात दुसऱ्या दिवशीच चित्रीकरणात दिसला होता. काही अभियंत्यांनी उपग्रहांकडून पंखाचे फोटो घ्यावेत अशी मागणी केली. ते घेतले गेले नाहीत. समितीने मागाहून हिशेब मांडला. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन काटकसरीने वापरलं असतं, तर सात जण १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरू शकले असते. अटलांटिस यानाची तयारी आधीच सुरू होती. दिवसरात्र काम करून, एकही गोष्ट न चुकता, ते साधारण १० फेब्रुवारीला पाठवणं शक्य होतं. वाट अरुंद होती, खात्रीची मुळीच नव्हती, पण ती शोधायला आधी पंख पाहायला हवा होता. पाहिलाच नाही, याचं दुःख आम्हालाही आहे.

पुढे दर उड्डाणात कक्षेत पोचल्यावर कॅमेऱ्याच्या लांब हाताने पंख तपासणं सक्तीचं झालं. मे २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला शटल गेलं, तेव्हा तर दुसऱ्या तळावर एन्डेव्हर यान सुटकेसाठी सज्ज उभं ठेवलं होतं.

अंबाजोगाईहून एक वैद्यकीय विद्यार्थिनी विचारते: यानाच्या आत हवा असतेच, मग उड्डाणाला आणि परतीला जाड पोशाख कशासाठी?

सोयूझ ११ मुळे. ३० जून १९७१ ला जॉर्जी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव आणि विक्टर पात्सायेव परत येत होते. सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर यानाचे भाग स्फोटक बोल्टने वेगळे झाले. त्या धक्क्याने हवेचा दाब सारखा करणारी एक झडप उघडली. ती खरं तर जमिनीपासून काही किलोमीटरवर आल्यावर उघडायची होती. झडप हाताने फिरवून बंद करता येत होती, पण त्याला जवळजवळ मिनिट लागे. निर्वातात शुद्ध टिकते दहा-पंधरा सेकंद. झडप अर्धवट फिरवलेली सापडली. यान ठरल्या ठिकाणी अलगद उतरलं. दार उघडलं तेव्हा तिघेही आसनांवर होते, गेलेले.

तुला शरीरशास्त्र ठाऊक आहे, म्हणून नेमकं सांगतो. सुमारे १९ किलोमीटरच्या वर बाहेरचा दाब इतका कमी होतो की ३७ अंशांना पाणी उकळतं. ऊतींमधल्या पाण्याची वाफ होऊ लागते, शरीर फुगतं. त्याच्याही आधी फुप्फुसातून ऑक्सिजन उलटा रक्ताबाहेर जाऊ लागतो, म्हणून शुद्ध इतक्या लवकर हरपते. अशा वेळी श्वास रोखून धरणं घातक, फुप्फुस फाटू शकतं.

त्या कुपीत तिघांना पोशाखासह बसायला जागा नव्हती, म्हणून पोशाख काढून टाकले होते. अपघातानंतर पोशाख परत आले आणि जागेसाठी एक माणूस कमी केला. कित्येक वर्षं सोयूझ दोघांनाच घेऊन उडत होतं. एक माणूस कमी नेणं हा महागडा निर्णय, पण योग्य.

भोकरदनहून आठवीतला एक मुलगा विचारतो: अंतराळात झोपताना तोंडासमोर पंखा का लावतात? तिथे उकडतं का?

उकडत नाही. तुझ्या नाकातून निघालेला श्वास इथे कोमट असतो म्हणून वर चढतो आणि त्याच्या जागी ताजी हवा येते. वजनरहित जागी वर-खाली काही नसतंच. सोडलेला श्वास तोंडाभोवतीच ढगासारखा थांबतो आणि झोपलेला माणूस तोच पुन्हा आत घेत राहतो. मग डोकं दुखतं, दम लागून जाग येते. पंखा तो ढग हलवतो. अंतराळयानात पंखा बंद पडणं म्हणजे संकट, एवढं लक्षात ठेव.

आणखी एक हिशेब करून बघ. एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. छोट्या प्रवासात तो लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांत शोषतात आणि १ किलो वायूला सुमारे १ किलो १०० ग्रॅम रसायन लागतं. तीन माणसं तीन दिवस राहिली, तर किती रसायन न्यावं लागेल? आलेल्या उत्तरात अडचणीच्या दिवसांसाठी आणखी थोडं मिळव. ते किती मिळवावं, यावर मोठमोठे अभियंते आठवडे घालवतात.

लातूरहून एक शिलाई व्यावसायिक विचारतात: एवढ्या वजनाला कापडाचं पॅराशूट कसं पुरतं? शिवण उसवली तर?

तुमच्या धंद्यातलाच प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर. गगनयानाच्या कुपीत एकूण दहा पॅराशूट असतात. पहिली दोन वरचं झाकण ओढून काढतात. मग दोन ड्रोग कुपीचं डोलणं थांबवतात आणि वेग कमी करतात. त्यानंतर तीन छोटी पायलट पॅराशूट तीन मुख्य पॅराशूटना बाहेर खेचतात. मुख्य पॅराशूट प्रत्येकी २५ मीटर व्यासाचं. आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने ती तयार केली आहेत.

एवढं कापड एका झटक्यात उघडलं तर शिवण नव्हे, कापडच फाटेल. म्हणून त्याचं तोंड बटव्यासारखं नाडी ओवून आवळलेलं ठेवतात. ते आधी थोडंसंच फुगतं. ठरावीक सेकंदांनी एक बारकी स्फोटक कात्री नाडी कापते, मग घेर मोकळा होतो. नाडी लवकर कापली गेली तर झटका बसतो. कापलीच गेली नाही, तर पॅराशूट अर्धवट मिटलेलं राहतं. म्हणून कात्र्याही जास्तीच्या असतात. घडी घालणं हे तर वेगळंच कसब आहे. दोरीचा एक वेढा चुकीचा पडला की सगळं गुंतलं.

तीनपैकी दोन मुख्य पॅराशूट उघडली तरी कुपी सुरक्षित उतरावी, असा नियम ठेवला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबिना इथे विमानातून पाच टनांचं ओझं टाकून, एक पॅराशूट उघडलंच नाही असं गृहीत धरून, हे तपासलं. ऑगस्ट २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याजवळ चिनूक हेलिकॉप्टरमधून सुमारे ४.८ टनांची नकली कुपी तीन किलोमीटरवरून सोडली. हा नियम कागदावरचा नाही. ७ ऑगस्ट १९७१ ला अपोलो १५ ची कुपी दोनच पॅराशूटवर उतरली. तिसरं उघडलं होतं, पण उतरताना बाहेर टाकलेल्या इंधनाने त्याच्या दोऱ्या खाल्ल्याचं नंतर मानलं गेलं. धडक जोरात बसली, माणसं ठीक होती.

सोयूझ १ ला मात्र हे नशीब मिळालं नाही. २४ एप्रिल १९६७ ला मुख्य पॅराशूट पेटीतून निघालंच नाही, राखीव होतं ते आधीच्या छोट्या पॅराशूटमध्ये गुंतलं. व्लादिमीर कोमारोव गेले. राखीव वस्तू मूळ वस्तूच्याच वाटेत येत असेल, तर ती राखीव धरता येत नाही.

हिंगोलीहून एक वाचक विचारतात: सुनीता विल्यम्स आठवड्यासाठी गेल्या आणि नऊ महिने अडकल्या. हे अपयशच ना?

त्यांना नेणाऱ्या स्टारलायनर यानाचं अपयश, हो. निर्णयाचं नाही. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडताना त्या यानाच्या २८ छोट्या दिशादर्शक इंजिनांपैकी ५ बंद पडली, हेलियमही गळत होता. चार इंजिनं पुन्हा चालली, पण का बंद पडली होती हे पक्कं कळेना. हीच इंजिनं परतीच्या वेळी यानाचं तोंड योग्य कोनात धरतात. तो कोन चुकला तर अस्तराचा उपयोग नाही. म्हणून यान सप्टेंबरमध्ये रिकामं परत आणलं. ते नीट उतरलंही. तरी निर्णय बरोबरच होता. नीट उतरलं म्हणून आधीची शंका खोटी ठरत नाही. त्या आणि बुच विलमोर २८६ दिवसांनी, आपल्या वेळेनुसार १९ मार्च २०२५ च्या पहाटे, दुसऱ्या यानाने परतले.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शुभांशू शुक्ला यांचं उड्डाण ११ जून २०२५ ला ठरलं होतं. फाल्कन ९ रॉकेटच्या चाचणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती दिसली. ती पूर्ण दुरुस्त करा, असा इस्रोच्या चमूने आग्रह धरला. पुढे स्थानकाच्या रशियन भागातल्या हवेच्या गळतीचीही तपासणी झाली. २५ जूनला ते गेले आणि १५ जुलैला सुखरूप आले. चौदा दिवसांचा उशीर सोसला, हे फार चांगलं झालं.

छत्रपती संभाजीनगरहून एक आई विचारतात: मुलगी दहावीत आहे. अंतराळवीर व्हायचं म्हणते. खरा धोका किती, आणि मार्ग कोणता?

ताई, आकडे लपवत नाही. कक्षेत जाणाऱ्या यानांत उड्डाणादरम्यान आजवर १८ जण गेले, चार अपघातांत. त्यांतले तीन अपघात परतीच्या वाटेवर झाले, चढताना एकच. शटलची १३५ उड्डाणं झाली, दोन यानं गेली, म्हणजे साधारण ६७ मध्ये एक. आताच्या खासगी यानांकडून नासाने मागितलेली मर्यादा २७० मध्ये एक अशी होती. प्रवासी विमानाशी याची तुलना होऊच शकत नाही. शिवाय जमिनीवरच्या सरावातही धोका असतो. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या कुपीत तळावरच्या तालमीत आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन दाबाने भरलेला होता, दार आत उघडणारं होतं आणि ते उघडायला दीड मिनिट लागे. आग लागल्याची हाक आल्यापासून सुमारे १५ सेकंदांत दाबाने कुपी फाटली. तिघे गेले. पुढे दार बाहेर उघडणारं झालं आणि तळावर असताना आत नायट्रोजन मिसळला जाऊ लागला.

मार्गाचं सांगतो. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत, आणि वैद्यकीय निवड बंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत झाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. तुमच्याच शहरात १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथे मुलांची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू झाली. तिची प्रवेशाची जाहिरात पाहत राहा.

दुसरी वाटही मुलीला दाखवा. रिंग गार पडली म्हणून उड्डाण थांबवा, असं सांगणारा अभियंता अंतराळवीराइतकाच मोलाचा असतो. त्यासाठी तिरुअनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश मिळतो.

धाराशिवहून एक शेतकरी विचारतात: २०२२ च्या गुढीपाडव्याला आभाळातून जळते गोळे जाताना आम्ही पाहिले. असं काही शेतात पडलं तर काय करावं?

२ एप्रिल २०२२ च्या त्या संध्याकाळी दिसलेले गोळे म्हणजे परत कोसळणाऱ्या चिनी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा होता. त्याचं सुमारे तीन मीटरचं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात पडलं, आसपास गोल टाक्याही सापडल्या.

अशी टाकी दिसली तर हात लावू नका, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा. काही टाक्यांत हायड्रॅझिन जातीचं इंधन उरलेलं असू शकतं. त्याला अमोनियासारखा किंवा मासळीसारखा वास येतो, आणि तो वास येईपर्यंत विष नाकात गेलेलं असतं. लालसर तपकिरी धूर दिसला तर तो नायट्रोजन टेट्रॉक्साइड. २४ जुलै १९७५ ला अपोलोची शेवटची कुपी उतरताना एक झडप उघडी राहून हाच वायू आत शिरला. तिघाही अंतराळवीरांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. त्यामुळे वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला सरका, विहिरीत किंवा ओढ्यात तुकडा ढकलू नका, पाणी मारू नका, भंगारात देऊ नका. पोलीस पाटलांना आणि तहसीलला कळवा. लांबून फोटो काढलात तर तपासाला उपयोग होतो.

एक फरक ओळखा. मराठवाड्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून सोडलेले संशोधनाचे फुगेही कधी कधी उतरतात. मोठ्या पॅराशूटला लटकलेली उपकरणाची पेटी, सोबत पातळ प्लास्टिकचा ढीग आणि पेटीवर पत्ता-फोन लिहिलेला. ती वस्तू विषारी नसते, पण आत उच्च दाबाचे विजेचे भाग असू शकतात आणि उघडली तर वैज्ञानिकांची मेहनत वाया जाते. ती आहे तिथेच ठेवून पोलिसांना किंवा पेटीवरच्या क्रमांकावर कळवा. कळवणाऱ्याचा फोनचा आणि प्रवासाचा खर्च संस्था देते, बक्षीसही देते.